वडिलांचा तोंडाचा कर्करोग : इतक्या डॉक्टरांत आमचे डॉक्टर कोण?

भीमाकाठ

नमस्कार. माझे वडील पंढरपूर तालुक्यात शेती करतात. तंबाखूची सवय तरुणपणापासूनची आहे. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला, खालच्या हिरडीला लागून झालेली जखम बरी होईना, म्हणून सोलापुरात तुकडा काढून तपासला आणि कर्करोगाचे निदान झाले. आता मुंबईतील एका मोठ्या सरकारी कर्करोग रुग्णालयात त्यांची नोंदणी झाली असून तपासण्या चालू आहेत. उपचार कोणता घ्यावा हे मी येथे विचारत नाही. ते तिथले तज्ज्ञ ठरवतील. मला पडलेला प्रश्न निराळा आहे.

पहिल्या भेटीत ज्या तरुण डॉक्टरांनी वडिलांना सविस्तर तपासले, ते पुढच्या खेपेला दिसलेच नाहीत. दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल चाळून ‘जॉइंट क्लिनिकला ठेवू’ असे लिहिले. जॉइंट क्लिनिकमध्ये पाच-सहा डॉक्टरांनी मिळून तोंड पाहिले, सीटी स्कॅन पडद्यावर लावून आपापसांत चर्चा केली आणि ‘आधी ऑपरेशन, नंतर बहुधा शेक (म्हणजे किरणोपचार)’ एवढे आम्हाला सांगितले. बाहेर आलो तेव्हा हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठाच होता : दंतविभाग, आहारतज्ज्ञ, भूलपूर्व तपासणी, प्लास्टिक सर्जरी, तंबाखूमुक्ती समुपदेशन, समाजसेवा विभाग. दंतविभागाने तर खालच्या दोन दाढा काढायला सांगितल्या आहेत, आणि वडील म्हणतात की त्या दाढा कधी दुखल्याच नाहीत.

या सगळ्यांत ‘आमचे डॉक्टर’ नेमके कोणाला म्हणायचे? कोणता प्रश्न कोणाला विचारावा? ही माणसे एकमेकांशी बोलतात का, की एकाचा निरोप दुसऱ्याला आम्हीच पोहोचवायचा? ज्यांना माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. घरात शिकलेली मी एकटीच असल्यामुळे सगळे माझ्याकडे बघतात आणि माझ्याकडे उत्तर नसते.

शल्यक

भीमाकाठ, मी मिरजेत मुख आणि मानेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया करतो. प्रशिक्षणाच्या काळात अशाच मोठ्या रुग्णालयात रेसिडेंट होतो, त्यामुळे वडिलांना तपासून नंतर दिसेनासे झालेले ते तरुण डॉक्टर म्हणजे एके काळचा मीच, असे समजा.

मोठ्या रुग्णालयात रुग्ण एका व्यक्तीचा नसतो, तो एका युनिटचा असतो. युनिटचे प्रमुख कन्सल्टंट सर्जन; त्यांच्या हाताखाली सीनियर रेसिडेंट किंवा फेलो, आणि त्यांच्याही खाली शिकणारे रेसिडेंट. हे रेसिडेंट ठरावीक काळाने दुसऱ्या युनिटला जातात, म्हणून चेहरे बदलत राहतात. युनिट मात्र तेच राहते. फाईलवर कन्सल्टंटचे नाव आणि त्यांच्या ओपीडीचे वार लिहिलेले असतील, ते पाहून ठेवा. शस्त्रक्रियेची जबाबदारी कन्सल्टंटची असते, आणि ‘आमचे डॉक्टर कोण’ याचे कागदोपत्री उत्तरही तेच. रोजच्या व्यवहारात मात्र तुमचा संबंध सीनियर रेसिडेंटशी येईल. तारीख कधी मिळेल, कोणता अहवाल यायचा राहिला आहे, जखमेतले पाणी बाहेर काढणारी नळी (ड्रेन) कधी निघेल हे त्यांना पक्के माहीत असते. रात्री दोन वाजता जखमेतून रक्त येऊ लागले तर पहिले धावत येणारेही तेच असतात. त्यामुळे ‘मोठे डॉक्टर भेटलेच नाहीत’ अशी खंत करत बसू नका.

आता जॉइंट क्लिनिक. तिथे सर्जन, किरणोपचार तज्ज्ञ आणि औषधोपचार करणारे, म्हणजे किमो ठरवणारे मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट हे तिघे एकत्र बसतात. गरजेनुसार स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्टही असतात. परळच्या टाटा रुग्णालयात तर कामाची विभागणीच रोगाच्या जागेनुसार केलेली आहे, आणि त्या गटांना डिसीज मॅनेजमेंट ग्रुप म्हणतात. सर्जनला चाकू आधी आठवतो आणि किमोवाल्याला सलाईन, हे खोटे नाही. म्हणून पहिला निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, असा दंडक आहे. गालाच्या आणि हिरडीच्या कर्करोगात बहुतेक वेळा शस्त्रक्रियेला अग्रक्रम असतो. गाठ जबड्यामागच्या पोकळीत फार वर सरकली असेल, तर आधी किमो देऊन ती काढण्याजोगी होते का, याचा विचार होतो. वडिलांच्या बाबतीत ‘आधी ऑपरेशन’ असे ठरले, याचा अर्थ गाठ काढता येण्यासारखी आहे, असे त्या सर्वांचे मत पडले.

‘बहुधा शेक’ यातला ‘बहुधा’ टाळाटाळीचा नाही. तो निर्णय ज्या डॉक्टरांवर अवलंबून आहे, त्यांना तुम्ही कदाचित कधीच भेटणार नाही : ते म्हणजे पॅथॉलॉजिस्ट. काढलेल्या भागाच्या कडेला किती मिलीमीटर निरोगी पेशी आहेत, रोग किती खोल गेला आहे, मानेतल्या किती गाठींत तो पोहोचला आहे आणि एखाद्या गाठीचे आवरण फोडून बाहेर पडला आहे का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते लिहितात. कडेलाच रोग सापडला किंवा गाठीचे आवरण फुटलेले आढळले, तर किरणोपचारांसोबत किमोही जोडतात. नाही तर बऱ्याचदा नुसते किरणोपचार पुरतात, आणि अगदी सुरुवातीच्या रोगात तेही लागत नाहीत. हा अहवाल हाती आल्यावर युनिटच्या ओपीडीत बसून तो समजून घेणे, हा तुमचा सर्वांत महत्त्वाचा संवाद असेल. त्या दिवशी घरातले दोघे जण जा. सोलापूरच्या तपासणीचे, काढलेला तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाईड मागितल्या गेल्या असतील तर त्या जरूर द्या. मोठी रुग्णालये बाहेरचे निदान आपल्या पॅथॉलॉजिस्टकडून पुन्हा तपासून घेतात.

दाढांविषयी. किरणोपचार झालेल्या जबड्याचा रक्तपुरवठा कायमचा कमी होतो. मग पुढे काही वर्षांनी किडलेली दाढ काढावी लागली, तर ती जागा भरून न येण्याचा आणि हाड कुजण्याचा धोका असतो. म्हणून ज्या दाढा पुढे त्रास देण्याची शक्यता आहे, त्या किरणोपचारांपूर्वीच काढतात आणि जखम भरायला साधारण दोन आठवडे देतात. कर्करोगाच्या रुग्णालयातले दंतवैद्य दुखणाऱ्या दाताकडे पाहत नसतात, पुढच्या दहा वर्षांकडे पाहत असतात. दाढा काढून घ्या.

भूलतज्ज्ञांची चिठ्ठीही केवळ औपचारिकता म्हणून फिरवू नका. तंबाखू खाणाऱ्या बऱ्याच जणांचे तोंड पूर्ण उघडत नाही, त्यामुळे भूल देताना श्वासनलिकेत घालायची नळी अनेकदा नाकातून, दुर्बिणीच्या साहाय्याने घालावी लागते, आणि त्याची तयारी आधी करावी लागते. वडील रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी घेत असतील, तर ते भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगा. गालाचा मोठा भाग काढल्यावर ती पोकळी छातीच्या, मांडीच्या किंवा पायाच्या भागातील ऊती आणून भरतात. त्यासाठी प्लास्टिक सर्जन. ‘तोंडाच्या ऑपरेशनसाठी पाय का कापला’ असा प्रश्न नातेवाईक नंतर विचारतात, तो तुम्ही आधीच विचारून ठेवा.

ते आपापसांत बोलतात का? बोलतात, पण फाईलमधून. जे फाईलमध्ये लिहिले गेले नाही, ते पुढच्याला कळत नाही. म्हणून एका विभागाने काही सांगितले, तर ‘हे फाईलमध्ये लिहाल का’ असे विनयाने म्हणावे. त्याचा कोणाला राग येत नाही.

पंचगंगा

वरचा प्रतिसाद डॉक्टरांच्या बाजूने पूर्ण आहे. मी रुग्णाच्या खाटेजवळच्या स्टुलावरून लिहिते. माझ्या आईला हाच आजार होता, आम्ही कोल्हापूरचे. अनुभवाने असे वाटते की शस्त्रक्रियेनंतर घर ज्यांच्या आधारावर चालते, ती माणसे चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात सर्वांत खाली असतात.

त्यांत पहिल्या सिस्टर. शस्त्रक्रियेनंतर बसवलेला ऊतीचा तुकडा जगतो आहे का, हे पहिले काही दिवस त्या तासातासाला पाहतात : रंग, ऊब, गरज पडल्यास सुईचे टोक लावून रक्त कसे येते ते. गळ्यात श्वासासाठी नळी असेल तर ती साफ करणेही त्यांच्याकडे असते. आणि नाकातून पोटात घातलेल्या नळीने अन्न कसे द्यायचे, हे घरच्यांना शिकवतात त्याही सिस्टरच. आमच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी आधी आईला उशा लावून बसते केले, नाकाजवळच्या नळीवरची चिकटपट्टीची खूण जागेवर आहे ना ते पाहिले, सिरिंजचा दट्ट्या काढून नुसती नळकांडी वर धरली आणि त्यात गाळलेली आंबील हळूहळू ओतली. ती आपल्या वजनाने खाली उतरते, दट्ट्याने ढकलायची नसते. शेवटी थोडे पाणी घालून नळी धुतली आणि आईला अर्धा तास आडवे होऊ दिले नाही. दुसऱ्या दिवशी तेच माझ्याकडून करून घेतले आणि शेजारी उभ्या राहिल्या. घरी सोडण्याआधी हे तुमच्या हातून एकदा तरी होऊ द्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या आहारतज्ज्ञ. ‘पातळ द्या’ एवढ्याने भागत नाही. दिवसाला किती उष्मांक, किती प्रथिने, दर किती तासांनी किती मिलीलिटर, हे त्या रुग्णाच्या वजनावरून काढून देतात. नाचणीचे सत्त्व, मुगाचे वरण, दूध, चालत असल्यास अंडे, शेंगदाण्याचे कूट बारीक करून : आपल्या घरात असते त्यातूनच त्यांनी तक्ता बसवून दिला. बाजारातली महागडी प्रथिनांची पावडर घ्यावीच लागेल का, असे त्यांना थेट विचारा. पैशांची अडचण सांगितली की पर्याय निघतात.

तिसरे गिळण्याचे आणि बोलण्याचे तज्ज्ञ. तोंडाने पहिला घोट कधी घ्यायचा हे तेच ठरवतात, कारण घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते. तोंड उघडण्याचे व्यायामही त्यांच्याकडे किंवा फिजिओथेरपिस्टकडे असतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, असा तो प्रकार असतो. कंटाळवाणा आहे, पण सोडला की तोंड पुन्हा मिटत जाते. मानेतल्या गाठी काढल्यावर खांदा जड होतो, हात वर जात नाही. त्याचाही व्यायाम फिजिओथेरपिस्ट देतात, आणि शेतकरी माणसाला तो फार गरजेचा आहे.

समाजसेवा विभागात तर तुम्ही शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याआधीच जायला हवे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या शस्त्रक्रियेसाठी मंजुरी आधी घ्यावी लागते, नंतर नाही. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नावाचा कर्मचारी असतो, त्याच्याकडे आधार आणि रेशन कार्ड घेऊन जा. धर्मशाळेची चिठ्ठी, रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म, ट्रस्टकडून मिळणारी मदत हे सगळे समाजसेवा विभागातून चालते. उपचारांसाठी रेल्वेने जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये पूर्ण भाडे माफ असते आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हे आम्हाला डॉक्टरांनी नव्हे, समाजसेविकेने सांगितले.

आणि घरातही एक ‘युनिट’ असू द्या. फाईल एकाच व्यक्तीकडे, बोलणार एकच व्यक्ती, बाकीच्यांनी तिला विचारायचे. दर खेपेला नवा पुतण्या सोबत गेला की डॉक्टरांना पहिल्यापासून सांगावे लागते आणि मूळ प्रश्न राहून जातो.

भीमाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. वडिलांच्या दाढा काल काढल्या. आता आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत, आणि त्या लिहिताना मला अवघड वाटत आहे.

वडिलांना गालात आणि कानात रात्री फार दुखते, असे सांगितल्यावर रेसिडेंट डॉक्टरांनी ‘पॅलिएटिव्ह मेडिसिन’ विभागाची चिठ्ठी दिली. माझ्या चुलतभावाने तो शब्द मोबाईलवर शोधला आणि तेव्हापासून घरात रडारड चालू आहे. हा विभाग शेवटच्या अवस्थेतल्या रुग्णांसाठी असतो, असे तो म्हणतो. डॉक्टरांनी आम्हाला काही सांगितलेले नाही का?

दुसरे असे की वडिलांना आम्ही कर्करोग आहे हे सांगितलेले नाही. ‘गळू झाले आहे, ते काढायचे आहे’ एवढेच ते जाणतात. हे कोणी सांगायचे असते?

परिचारिका_नागपूर

भीमाकाठताई, मी वेदना व उपशामक उपचार विभागात, म्हणजे ‘पॅलिएटिव्ह मेडिसिन’मध्येच, परिचारिका आहे. आधी तुमच्या भीतीचे उत्तर देते : ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया ठरली आहे, त्यालाही आमच्याकडे पाठवतात, आणि पाठवायलाच हवे. आमचा विभाग दुखणे, मळमळ, झोप न येणे, जखमेचा वास, बद्धकोष्ठता, मनाची घालमेल हे पाहतो. रोग बरा होण्याजोगा आहे की नाही, यावर आमच्याकडे प्रवेश ठरत नाही. ज्यांचा रोग आटोक्याबाहेर गेला आहे असे रुग्णही आमच्याकडे असतात, हे खरे. पण चिठ्ठीवरून अवस्था ओळखता येत नाही. अवस्था कळायची असेल तर सर्जनना सरळ विचारा की ‘आपण रोग बरा करण्याच्या उद्देशाने उपचार करत आहोत ना?’ याचे उत्तर ते सरळ देतील.

तोंडाच्या कर्करोगात दुखणे कानाकडे जाणे अगदी नेहमीचे आहे. कानात नवे काही झाले आहे असे समजू नये. आमचे डॉक्टर कदाचित मॉर्फिनच्या गोळ्या देतील. त्या नावानेही घरात धास्ती बसेल, म्हणून आधीच सांगते. वेदनेच्या मापाने, ठरलेल्या वेळी, आमच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनची तंबाखूसारखी चटक सहसा लागत नाही, आणि दुखणे गेले की गोळ्या हळूहळू कमी करून बंद करता येतात. दुखायला लागल्यावर गोळी शोधण्यापेक्षा घड्याळाप्रमाणे द्यायची. बद्धकोष्ठतेचे औषध सोबत लिहून दिलेले असेल, ते वगळू नका. पूर्वी ही गोळी मिळवायला रुग्णालयांना परवान्यांची फार यातायात करावी लागे. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त संस्थांची वाट थोडी सोपी झाली आहे. गोळ्या मोजून मिळतील आणि रिकामी पाकिटे परत मागतील, त्याचा अपमान वाटून घेऊ नका.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे परखड लिहिते. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही वडिलांनाच करायची आहे. गालाचा आणि जबड्याचा भाग जाणार, चेहरा बदलणार, काही काळ बोलता येणार नाही, नाकात नळी असणार. ‘गळू’ काढायला गेलेला माणूस शुद्धीवर येऊन हे सगळे पाहील, तेव्हा त्याला काय वाटेल? माझ्या पाहण्यात असे आहे की बहुतेकांना आपला आजार आधीच कळलेला असतो. रुग्णालयाच्या पाटीवर काय लिहिले आहे ते वडिलांनी वाचले नसेल का? घरच्यांना बरे वाटावे म्हणून तेही गप्प राहतात.

सांगण्याचे काम डॉक्टरांचे आहे, तुमचे नाही. सीनियर रेसिडेंटना किंवा कन्सल्टंटना बाजूला घेऊन ‘वडिलांना अजून सांगितलेले नाही, आपण सांगाल का, आम्ही सोबत बसतो’ असे म्हणा. अनेक मोठ्या कर्करोग रुग्णालयांत मानसोपचार तज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञही असतात. त्यांच्याकडे चिठ्ठी मागितली म्हणजे माणूस वेडा झाला, असे कोणी समजत नाही. तंबाखूमुक्तीचे समुपदेशक हे काम नकळत सोपे करतात, कारण त्यांच्यासमोर तंबाखूचा विषय निघाला की रुग्ण स्वतःच बोलू लागतो. मात्र तिथे वडिलांना ओरडा बसेल अशी भूमिका तुम्ही घेऊ नका. कर्करोग झाल्यावरही तंबाखू सुटल्याने जखम लवकर भरते आणि किरणोपचारांचा त्रास कमी होतो, हे त्यांच्याकडून वडिलांना ऐकू द्या.

किरणमापक

किरणोपचार प्रत्यक्ष कसे देतात, याबद्दल येथे कोणी लिहिलेले नाही, म्हणून भर घालतो. मी वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ आहे. आमच्या नोकरीचे नाव रुग्णांनी ऐकलेलेही नसते.

वडिलांना शेक द्यायचे ठरले, तर आधी ‘मोल्ड रूम’मध्ये बोलावतील. गरम पाण्यात मऊ केलेली जाळीदार प्लास्टिकची पट्टी चेहऱ्यावर आणि मानेवर दाबून बसवतात; काही मिनिटांत ती घट्ट होऊन चेहऱ्याचा साचा तयार होतो. रोज उपचारांच्या वेळी डोके त्याच जागी, त्याच कोनात राहावे म्हणून हा साचा. तो घालून सीटी स्कॅन काढतात. त्या स्कॅनवर रोगाची जागा, लाळग्रंथी, मज्जारज्जू यांच्या सीमा किरणोपचार तज्ज्ञ आखतात. मग कोणत्या दिशेने किती मात्रा द्यायची म्हणजे रोगाच्या जागी पुरेशी जाईल आणि मज्जारज्जू वाचेल, याचा हिशेब भौतिकतज्ज्ञ करतो. तज्ज्ञांनी त्या योजनेवर सही केली आणि यंत्रावर तिची पडताळणी झाली की उपचार सुरू होतात. साचा झाल्यानंतर काही दिवस बोलावणे येत नाही, ते या कामामुळे. फाईल हरवली असे समजू नये.

शस्त्रक्रियेनंतरचा सर्वसाधारण पल्ला ६० ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे माप), ३० भागांत विभागलेला, आठवड्याला ५ दिवस, म्हणजे ६ आठवडे. रोज यंत्रावर झोपवणारे असतात रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट. सहा आठवडे रोज भेटणारा माणूस एवढा तोच, म्हणून ‘आज गिळताना जास्त दुखले’ हे त्याला अवश्य सांगा. तो डॉक्टरांपर्यंत पोहोचवतो. शिवाय आठवड्यातून एकदा किरणोपचार तज्ज्ञांची तपासणी असते, ती चुकवू नका.

पंचगंगाताईंनी आहारतज्ज्ञांबद्दल लिहिले, त्याला माझ्या खोलीतून एक पुरावा देतो. रुग्णाचे वजन घटले की साचा सैल होतो, डोके आत हलू लागते आणि आखलेली मात्रा चुकीच्या जागी जाऊ शकते. मग नवा साचा, नवा स्कॅन, नवा हिशेब. आहारतज्ज्ञांच्या तक्त्याकडे दुर्लक्ष झाले की त्याची वसुली अशी होते. मधले दिवस चुकवणेही फार वाईट. सण आहे, पाहुणे आले आहेत, तोंड सोलले आहे म्हणून खाडा करू नये. तोंड सोलले असेल तर त्यासाठी औषध आहे, ते डॉक्टरांकडून घ्यावे.

जुना_सभासद

चर्चा उत्तम चालली आहे, पण शल्यक यांनी चित्र जरा साफसूफ करून दाखवले आहे. सरकारी ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येतात. तेवढ्यात ‘समजून घ्या’ म्हणणे सोपे आहे. घरून तीनच प्रश्न मराठीत लिहून न्यावेत, सर्वांत महत्त्वाचा पहिला, आणि उत्तर तिथेच कागदावर टिपून घ्यावे.

शिवाय खासगीत जाणाऱ्यांसाठी : तिथे कन्सल्टंट स्वतः भेटतात, वेळ देतात, पण सर्जन एका रुग्णालयात, किरणोपचार दुसरीकडे आणि किमो तिसऱ्या डे-केअरमध्ये, असे असू शकते. माझ्या मेहुण्याच्या वेळी निरोप्याचे काम आम्हीच केले. ‘माझ्या केसची ट्यूमर बोर्डात (म्हणजे जॉइंट क्लिनिकसारख्या एकत्र बैठकीत) चर्चा झाली का, आणि त्याची लेखी नोंद मिळेल का’ हे शस्त्रक्रियेआधी विचारावे.

आणि एक राहिले. शिक्षण देणाऱ्या मोठ्या रुग्णालयात संशोधन समन्वयक येऊन एखाद्या चाचणीत भाग घेण्याविषयी विचारतात. लोक ‘आमच्यावर प्रयोग करता का’ म्हणून भडकतात. सहभागास नकार दिला तरी नेहमीचे उपचार मिळतातच, आणि मराठीतले संमतिपत्र वाचायला वेळ मागता येतो. अशाच चाचण्यांमुळे आजचे उपचार ठरले आहेत. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात मानेत गाठ लागत नसली तरी मानेतल्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात का, याचे उत्तर टाटा रुग्णालयातील रुग्णांच्या सहभागातून मिळाले. २०१५ साली ते प्रसिद्ध झाले : आधीच ग्रंथी काढलेल्यांपैकी ३ वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के.

भीमाकाठ

काल कन्सल्टंट डॉक्टरांनी वडिलांना स्वतः सांगितले. वडील म्हणाले, ‘मला सोलापुरातच कळले होते, तुम्ही घाबराल म्हणून बोललो नाही.’ दुखण्याच्या गोळ्यांनी रात्री झोप लागते आहे. योजनेची मंजुरी आली आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली.

आता शेवटचा प्रश्न. पुढे किरणोपचार लागले तर ६ आठवडे मुंबईत राहणे आम्हाला झेपणारे नाही. शस्त्रक्रिया मुंबईत आणि शेक गावाजवळ, असे चालते का, आणि तसे केल्यास जबाबदारी कोणाची राहते?

शल्यक

चालते, आणि मोठी रुग्णालयेच अनेकदा तसे सुचवतात. तुम्हाला बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय जवळ पडेल, तिथे किरणोपचारांची सोय आहे. मात्र किरणोपचार ज्या केंद्रात सुरू होतील तिथेच पूर्ण करावेत. निम्मे इथे आणि निम्मे तिथे करू नये. त्या काळात रोजची जबाबदारी बार्शीच्या किरणोपचार तज्ज्ञांची राहील, सोबत किमो असेल तर रक्ततपासण्याही तेच पाहतील. किमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर मुंबईला फोन करत बसू नका, गावातल्या डॉक्टरांकडून तापाची गोळी घेऊन वाटही पाहू नका; त्याच दिवशी, रात्र असली तरी, उपचार करणाऱ्या रुग्णालयात जा. नंतरच्या नियमित तपासण्यांसाठी मुंबईच्या युनिटची ओपीडी कायम राहते.

वेळेचे गणित मात्र कडक आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण ६ आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू व्हायला हवेत, आणि त्यात जखम भरणे, पॅथॉलॉजीचा अहवाल, साचा आणि योजना हे सारे बसवायचे असते. म्हणून अहवालाची वाट न पाहता, वडील वॉर्डात असतानाच सीनियर रेसिडेंटना सांगून बार्शीच्या किरणोपचार विभागाच्या नावे पत्र तयार ठेवायला सांगा. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेची टिपणे आणि आधीच्या स्कॅनची सीडी मागून घ्या. पॅथॉलॉजीचा अहवाल नंतर मिळेल, तो घ्यायला आलात की त्याच खेपेला जॉइंट क्लिनिकचा अंतिम निर्णयही पत्रावर लिहून घ्या, म्हणजे बार्शीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.